लेखणीनें केलेली सेवा

ख्रिस्ती मंडळींत 'सेवा' हा शब्द आपण नित्य ऐकतों. पाळकसाहेब उपदेशपीठावरून वचन सांगतात ती सेवा. दवाखान्यांतील परिचारिका रोग्याच्या उशाशीं रात्र रात्र जागते ती सेवा. दुष्काळांत भुकेल्यांस अन्न देणारे, वसतिगृहांत अनाथ मुलांस वाढविणारे, हे सर्व सेवक. इतकें मुलांस वेगळें समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु एखादा मनुष्य दार लोटून एकटाच बसला आहे, कागदावर चार ओळी लिहितो, त्यांतल्या तीन खोडतो आणि पुन्हां लिहूं लागतो, ही देखील सेवा होऊं शकते काय, असें वर्गांत विचारलें म्हणजे मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

मागें एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले होते. मुलगा कविता करतो, ही त्यांची तक्रार. "मास्तर, त्याला आवरूं कीं करूं देऊं, तेवढें सांगा," असें ते म्हणाले. "प्रभूचें काम करावयाचें तर त्यानें पुढें पाळक व्हावें, नाहीं तर डॉक्टर व्हावें. लिहिण्यानें कोणाचें काय भलें होणार?" त्या वेळीं मीं त्यांस कांहींतरी उत्तर दिलें. तें त्यांस पटलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर मलाही तें पुरेसें वाटलें नाहीं. जें उत्तर तेव्हां द्यावयास हवें होतें तें आज या वार्षिकांत लिहीत आहें, व त्यासाठीं रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचा आधार घेत आहें.

टिळकांच्या आधीं या वाटेनें कोणी गेलें नव्हतें असें नाहीं. बेळगांवचे बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनीं पाळकाचें काम केलें, परंतु आयुष्याचा मोठा भाग लेखनांतच घालविला. लहानमोठीं मिळून त्यांचीं पुस्तकें शंभरांच्या घरांत जातात. १८५७ सालीं, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्यावर एकाच वर्षानें, त्यांनीं 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केलें. विधवांच्या दुःखाची ती कथा मराठींतील पहिली कादंबरी होय, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. मिशनांचा छापखान्यावर तर पहिल्यापासूनच भर होता. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत थॉमस ग्रॅहम यांनीं मराठी खिळ्यांचें वळण सुधारलें. आणि त्याच छापखान्यांत लहानपणीं कामास लागलेल्या जावजी दादाजींनीं पुढें १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढून संस्कृत ग्रंथ सुबक रूपांत देशभर पोहोंचविले. मिशनऱ्यांनीं असा हेतु धरला नव्हता हें उघड आहे. पण विद्येचें बीं एकदां हातांतून सुटलें कीं तें कोणाच्या शेतांत उगवेल याचा नेम नसतो. अहमदनगरास १८४२ मध्यें अमेरिकन मराठी मिशननें काढलेलें 'ज्ञानोदय' पत्र याच परंपरेंतलें. तें पुढें टिळकांच्या हातीं आलें.

टिळकांचा जन्म १८६१ च्या डिसेंबरांत रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं, चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. आई कोमल मनाची, वडील फार कडक. आई लवकर वारली आणि मुलाचें मन घरांतून उडालें. नाशकास त्यांनीं संस्कृताचा चांगला अभ्यास केला. पुढें कोठें शिक्षक, कोठें व्याख्याते, कोठें मासिकाचे संपादक, अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. एका ठिकाणीं ते फार दिवस टिकले तर नवल. मनाला मात्र एक ध्यास होता. या देशाला जातिभेद न मानणारा, मनुष्यांस एकत्र बांधणारा असा धर्म हवा, आणि तो कोठें सांपडत नसेल तर आपणच शोधून काढावा, असें त्यांस वाटे.

१८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवाकडे आगगाडीनें जात असतां त्यांच्या डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होता. काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या. निरोप घेतांना त्यानें टिळकांस नव्या कराराचें एक पुस्तक दिलें आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असें सांगितलें. त्या गृहस्थाचें नांव टिळकांस कळलें नाहीं. पुस्तक वाचूं असें कबूल केलें होतें, म्हणून त्यांनीं तें वाचावयास घेतलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले, आणि तेथून पुढें त्यांस तें खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यानें भाकीत केलें तो मनुष्य एका प्रवासापुरता भेटला व गेला. त्यानें दिलेलें छापील पुस्तक मात्र टिळकांजवळ राहिलें, आणि जें काम बोलण्यानें अर्धें राहिलें तें त्या पुस्तकानें पुरें केलें. वर मीं सांगितलेल्या पालकांस ही गोष्ट सांगावयाची राहून गेली.

आतां टिळकांनीं मंडळींत येऊन काय केलें, तें पाहूं. नगरास ते मिशनच्या ईश्वरविज्ञानाच्या शाळेंत शिकवूं लागले, व १९०४ मध्यें त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. परंतु त्यांचें जें काम आज उरलें आहे तें उपासनेंतील गीतांचें. हा भाग जरा सविस्तर सांगतों, कारण रोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं आपण जें गातों त्याशीं त्याचा संबंध आहे.

इंग्रजी भाषेंत शब्दाच्या एखाद्या भागावर जोर पडतो व बाकीचा भाग हलका राहतो. इंग्रजी स्तोत्रांच्या चाली ह्या जोरावर बांधलेल्या असतात. चालीचा ठोका पडेल तेथें शब्दाचाही जोर यावयास पाहिजे. मराठींत तसल्या जोराला फारसें महत्त्व नाहीं. आपल्याकडे हिशेब ऱ्हस्व-दीर्घाचा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. पहिल्या मिशनऱ्यांनीं मोठ्या भक्तीनें आपलीं स्तोत्रें मराठींत उतरविलीं. पण चाल तीच ठेविली. मग चालीचा लांब सूर जर मराठी शब्दाच्या ऱ्हस्व अक्षरावर आला, तर काय होतें? 'पिता' या शब्दाचा 'पीता' होतो. 'दिन' उगवण्याऐवजीं कोणी 'दीन' उगवतो. देवाचा 'सुत' लांबवून म्हटला कीं त्याचें 'सूत' होतें, आणि मागच्या बाकांवर हंशा पिकतो. (तो हंशा मीं ऐकला आहे, आणि मुलांस रागें भरतांना मलाही तोंड आवरावें लागलें आहे.)

दुसरी अडचण वाक्याची. मराठी वाक्याचें क्रियापद शेवटीं येतें, इंग्रजीचें मध्यें. आठ अक्षरांची एक ओळ व सहा अक्षरांची दुसरी, असा इंग्रजी सांचा घेतला म्हणजे शब्द मागेंपुढें ढकलावे लागतात. कर्ता एका कडव्यांत आणि क्रियापद भलतीकडे, अशी स्थिति होते. जो वाचूं शकतो तो पुस्तकांत पाहून अर्थ लावील. पण नगर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत त्या काळीं पुस्तक वाचतां येणारीं माणसें किती? बहुतेकांनीं ऐकावयाचें आणि ऐकूनच पाठ करावयाचें. ज्याचा अर्थ कानानें लागत नाहीं तें गीत त्यांच्या ओठांवर राहील, पण घरीं दळतांना, शेतांत खुरपतांना तें आठवणार नाहीं.

देशी चालींचे प्रयत्न नगरास टिळकांच्या पूर्वींही झाले होते. कृष्णराव सांगळे यांच्या ख्रिस्ती कीर्तनांचें स्मरण या ठिकाणीं ठेवणें योग्य आहे. टिळकांनीं तें काम आपल्या प्रतिभेनें पुष्कळ पुढें नेलें. त्यांनीं पदें लिहिलीं, भजनें लिहिलीं, आणि अखेरच्या वर्षांत अभंग लिहिले. अभंगाची घडण साधी आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यांत चार चरण. पहिले तीन सहा सहा अक्षरांचे, चवथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें. एकंदर अक्षरें बावीस. एवढें कडवें लहान मूलही दोनदां ऐकून म्हणूं शकतें. येथें मात्रा मोजीत नाहींत, अक्षरें मोजतात. कोणी चौकस विद्यार्थी विचारील कीं, अभंग गातांनाही अक्षरें लांबवितातच, मग 'सुता'चें 'सूत' तेथें होत नाहीं काय? प्रश्न चांगला आहे. तेथें सर्वच अक्षरें सारखीं लांबविलीं जातात. एक फुगलें व शेजारचें दबलें, असें होत नाहीं. शिवाय चरण संपतो तेथें बहुधा शब्द आणि अर्थ हे दोन्ही विसांवा घेतात. म्हणून कान फसत नाहीं. शतकानुशतकें ज्या कानांनीं टाळांच्या साथीवर हा छंद ऐकला, त्यांस तो शिकवावा लागत नाहीं.

यावर आक्षेप येणें स्वाभाविक होतें. हा वारकऱ्यांचा छंद. ज्यांनीं जुनें सोडून ख्रिस्त धरला त्यांनीं पुन्हां टाळ कां हातीं घ्यावे? टिळकांचें म्हणणें असें होतें कीं, आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकारामाच्या पुलावरून आलों. हा विचार पुष्कळांस तेव्हां धाडसाचा वाटला, व कांहींस आजही वाटतो. माझें मत विचाराल तर, पूल ओलांडून पलीकडे आल्यावर तो मोडून टाकणें हें शहाणपणाचें नव्हे. मागून येणाऱ्यांस तो लागतो. आज 'उपासना-संगीत' उघडून पाहा. टिळकांचें नांव किती गीतांखालीं आहे, हें मोजण्याचें काम मी इयत्ता आठवीच्या मुलांवर सोपवितों.

१९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचें संपादन टिळकांकडे आलें. पत्र साप्ताहिक होतें. आठवडा कोणासाठीं थांबत नाहीं, याची ज्यांनीं असें काम केलें आहे त्यांस चांगली कल्पना असेल. स्फूर्ति आली म्हणजे लिहीन, ही कवीची चैन. संपादकास ती परवडत नाहीं. लहरी म्हणून ओळखल्या गेलेल्या, कोठेंही फार दिवस न टिकणाऱ्या या मनुष्यानें तें जूं मरेपर्यंत वाहिलें. त्यांच्या स्वभावाचा विचार करतां मला हें त्यांच्या कवितांहूनही अधिक वाटतें.

टिळकांस 'फुलामुलांचे कवि' म्हणतात, तें कां, हेंही सांगितलें पाहिजे. त्यांच्या कित्येक उत्तम कविता धर्माच्या नांवानें लिहिलेल्या नाहींत. रानांत उगवलेलें फूल, अंगणांतील मूल, पांखरें, असे त्यांचे विषय. मग ती सेवा नव्हे काय? कांहीं भाविक मंडळींस असें वाटतें कीं, ज्या कवितेंत प्रभूचें नांव नाहीं ती ख्रिस्ती मनुष्यानें लिहूं नये. तसें असतें तर प्रभूनें स्वतः रानांतल्या फुलांकडे पाहा असें कां सांगितलें असतें? १९०७ मध्यें जळगांवास कविसंमेलन भरलें तेव्हां त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या कोवळ्या मुलानें आपली कविता म्हणून दाखविली, आणि त्यास 'बालकवि' ही पदवी मिळाली. टिळकांनीं त्या मुलावर पुत्रवत् प्रेम केलें. नगरास त्यास आपल्या घरीं ठेविलें. तो ख्रिस्ती झाला नाहीं, आणि त्यामुळें टिळकांचें प्रेम कमी झालें नाहीं. १९१८ च्या मे महिन्यांत जळगांवाजवळ भादली स्टेशनापाशीं आगगाडीच्या अपघातांत बालकवींचा अंत झाला. मराठी भाषा त्यांच्या कविता अजून विसरली नाहीं. कोणी विचारील कीं, दुसऱ्या एका कवीस घरांत जागा देणें ही कसली धर्मसेवा? ज्यास तसें वाटतें त्यानें आपल्या घरांत एक तरुण कवि महिनाभर ठेवून पाहावा.

परंतु एवढें सांगून थांबलों तर चित्र एकांगी होईल. या सेवेची किंमत कोणी दिली? बाप्तिस्म्याच्या वेळीं टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई (जन्म १८६८) लहान मुलासह मागें राहिल्या. पतीनें धर्म सोडला हें दुःख, आप्तांचे बोल, आणि पुढें काय हें ठाऊक नाहीं, अशीं कांहीं वर्षें त्यांनीं काढिलीं. त्यांतलीं कांहीं पंढरपुरास गेलीं. नंतर त्या नगरास आल्या, तेव्हां आधीं निराळें बिऱ्हाड करून, सोंवळें पाळून राहिल्या. टिळकांनीं त्यांच्यावर बळजबरी केली नाहीं. जातिभेद देवानें केलेला नव्हे, हें त्यांस आपल्याच विचारानें पटलें, आणि १९०० मध्यें त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. पुढेंही संसार सुखाचा म्हणतां येत नाहीं. टिळकांचा हात सढळ. पैसा आला कीं तो गरजवंताकडे गेलाच. राग येई तो वाऱ्यासारखा, जाई तोही तसाच. घरांत उद्यां काय शिजवावयाचें ही विवंचना कवीस नसे. ती ज्यास असे तिनें पुढें 'स्मृतिचित्रें' लिहिलीं. १९३४ पासून तें पुस्तक भागाभागानें प्रसिद्ध झालें. त्यांत नवऱ्याची थोरवी आहे, विक्षिप्तपणाही आहे, आणि दोन्हीं सांगतांना लेखिका हंसते आहे. कवींच्या चरित्रांतून स्वयंपाकघर बहुधा वगळलेलें असतें. या एका पुस्तकानें तें वगळूं दिलें नाहीं. वडील मंडळींनीं तें अवश्य वाचावें. मुलांस तर तें वाचा म्हणून सांगावेंच लागत नाहीं, एकदां हातीं पडलें पाहिजे.

१९१७ मध्यें टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली व साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' स्थापन केला. ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला आहे व ज्यांनीं घेतला नाहीं, अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो एक बंधुसंघ व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. पगार घेऊन केलेली सेवा खोटी, असें त्यांचें म्हणणें होतें असें मला वाटत नाहीं. पण ज्या लोकांत आपण जावयाचें त्यांस आपण परक्यांचे चाकर दिसतों, ही गोष्ट त्यांस सलत होती. हें पाऊल बरोबर होतें कीं नव्हतें, याविषयीं मंडळींत मतभेद होते. दरबाराचें काम जेमतेम दोन वर्षें चाललें न चाललें तोंच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें.

त्यांच्या मागें एक मोठें काम अपुरें राहिलें. ख्रिस्ताचें संपूर्ण चरित्र मराठी काव्यांत आणावें, म्हणून 'ख्रिस्तायन' त्यांनीं दहा वर्षें आधींच हातीं घेतलें होतें. पण आरंभाचे थोडेच अध्याय लिहून झाले. पत्राचे अंक, गीतें, पाहुणे, प्रवास, आजार, यांतून मोठ्या ग्रंथास सलग वेळ कधीं मिळालाच नाहीं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले. त्या कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर घरीं, पतीपाशींच. संस्कृताचा व्यासंग नाहीं, छंदःशास्त्राचें पुस्तक नाहीं. जात्यावरच्या ओव्या व देवळांतलीं कीर्तनें ऐकून ऐकून जें कानांत सांठलें होतें, तेंच भांडवल. दोघांचे अध्याय शेजारीं ठेवून वाचले तर भाषा बदललेली लगेच ध्यानांत येते. टिळकांची ओळ पंडिताची, भरदार. लक्ष्मीबाईंची ओळ घरगुती, आणि माझ्या अल्प बुद्धीस ती कांहीं ठिकाणीं अधिक जवळची वाटते. ग्रंथाचा बहुतेक भाग असा त्यांच्या हातचा आहे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई वारल्या. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्यें छापून बाहेर पडलें, तेव्हां तें पाहावयास त्या दोघांपैकीं कोणीही राहिलें नव्हतें.